शस्त्रहतांची चतुर्दशी

उज्जयिनीत मार्चची सात तारीख येते तशी जाते. त्या दिवशी फ्रीगंजात कोणी पणती लावीत नाही, कोणी फलक उभारीत नाही, कोणी दोन मिनिटे स्तब्ध उभे राहत नाही. २०१७ साली या तारखेस, मंगळवारी, फाल्गुन शुद्ध दशमीला, भोपाळहून सकाळी निघून उज्जैनकडे येणाऱ्या पॅसेंजर गाडीत शाजापूर जिल्ह्यातील कालापीपलजवळच्या जबडी स्थानकापाशी स्फोट झाला. साध्या डब्यातील सामानाच्या फळीवर बाँब ठेवून ठेवणारे निघून गेले होते. दहा उतारू जखमी झाले. मेले कोणी नाही. इराक आणि सीरियात त्या वर्षांत ज्या संघटनेने रक्ताचा सडा घातला होता, तिच्या नावाने भारलेल्या एका टोळीचे ते कृत्य होते, हे पुढे तपासात उघड झाले.

ती गाडी आमची होती. फ्रीगंज आणि रेल्वे स्थानक यांत अंतर ते किती! रुळांच्या अलीकडे आम्ही, पलीकडे जुने शहर आणि महाकाल. मधला पूल ओलांडला की झाले. भोपाळला सरकारी कचेरीत खेटे घालून परतणारा, तेथल्या मोठ्या इस्पितळात म्हाताऱ्या आईला दाखवून येणारा, लेकीच्या घरून निघालेला येथला मनुष्य साध्या डब्यातूनच येतो. महाकालाच्या दर्शनाला निघालेला गोरगरीब भाविकही त्याच फळीखाली बसलेला असतो. तरी त्या दिवसाला आमच्या गावी स्थान नाही. कारण विचारले तर उत्तर तयार असते : "कोणी मेले नाही ना!"

नोव्हेंबरच्या सव्वीस तारखेस मात्र आमचा चौक फुलतो. मुंबईवरील २००८ च्या हल्ल्याचा तो दिवस. कार्तिकाचा वद्य पक्ष संपत आला असता, त्या रात्री समुद्रमार्गे उतरलेल्या दहा जणांनी छत्रपती शिवाजी टर्मिनस, कामा इस्पितळाचा परिसर, लिओपोल्ड कॅफे, ताज आणि ओबेरॉय-ट्रायडंट ही हॉटेले, नरिमन हाउस अशा ठिकाणी १६६ माणसांचे प्राण घेतले. फ्रीगंजातल्या बहुतेक मराठी घरांचे कोणी ना कोणी मुंबईस असतेच, तेव्हा ते दुःख आम्हाला परके नाही. वर्षदिनी माणसे जमतात यात गैर काहीच नाही. गैर आहे ते जमल्यावर जे घडते त्यात. कर्ण्यांतून चित्रपटांतील गाणी वाजतात. फलकावर आयोजकांचे चेहरे हातभर आणि हुतात्म्यांचे बोटभर असतात. वक्ता उठतो, त्या रात्री जिवंत हाती लागलेल्या एका मारेकऱ्याचे नाव दहा वेळा उच्चारतो आणि तुकाराम ओंबळे यांचे एकदा, तेही आडनाव चुकवून. मेणबत्त्या पेटतात, छायाचित्रे निघतात आणि रात्री साडेआठाच्या सुमारास चौक पूर्ववत होतो. गेल्या खेपेस व्यासपीठावरून खाली उतरलेल्या एका सद्गृहस्थांना मी विचारले, त्या १६६ पैकी दहा नावे सांगता काय? ते चार पोलीस अधिकाऱ्यांपाशी येऊन थांबले. मारेकऱ्यांची नावे किती येतात, हे मी विचारले नाही. ती त्यांनी नुकतीच भाषणात सांगितली होती.

या दोन दिवसांचे वागणे वरवर परस्परविरुद्ध दिसते. एकीकडे संपूर्ण मौन, दुसरीकडे कर्णकटू गोंगाट. माझ्या मते दोन्हींचे मूळ एकच आहे. ज्यांच्यावर घाव पडला त्यांच्याशी आम्हाला फारसे कर्तव्य उरलेले नाही. आम्हाला घाव घालणारा हवा आहे. तो ठळक असेल तर दिवस पाळावयाचा, तो विस्मरणात गेला तर दिवसही गेला. दिवसाचे नावच पाहा ना! 'सव्वीस अकरा'. अमेरिकेत २००१ साली जे घडले त्याला तिकडे आकड्यांनी हाक मारू लागले, म्हणून आम्हीही आकडे जुळविले. (महिना आधी आणि तारीख नंतर ही तिकडची उलटी चाल तेवढी उचलली नाही, हे नशीब.) आपल्या घरी कोणी गेले तर आपण 'सात तीन' म्हणतो काय? आपण तिथी सांगतो, आणि तिथीला माणसाचे नाव चिकटलेले असते : 'आज आजोबांची दशमी.' ज्या दिवसाला केवळ आकडा आहे तो दिवस कोणाचाच नसतो. म्हणून तो ज्याच्या हाती ध्वनिक्षेपक त्याचा होतो.

ध्वनिक्षेपकाचा विषय निघाला म्हणून सांगतो. त्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गाड्यांची वर्दी देणारा रेल्वेचा उद्घोषक आपल्या खोलीतून फलाटावरचा गोळीबार पाहत होता. तो जागचा हलला नाही. उतारूंनी कोणत्या बाजूने बाहेर पडावे, कोणीकडे जाऊ नये, हे तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. त्या आवाजाने कित्येक माणसे वाचली. तेथे ५८ जण मेले. तो गप्प बसता तर आकडा कोठवर गेला असता, कोण जाणे! स्मृतिदिनी ध्वनिक्षेपक लावावयाचाच असेल, तर तो एकदा तरी अशा कामी लागला होता, एवढी जाण आमच्या वक्त्यांनी बाळगली तरी पुरे.

आता आपल्याकडे दुसरे काही साधन होते काय, हे पाहू. मी शास्त्री नव्हे. परंतु ज्यांच्या घरी पंचांग टांगलेले आहे त्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर ते साधन वर्षानुवर्षे आहे. भाद्रपदाच्या वद्य पक्षात, सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या दिवशी, चतुर्दशीच्या रकान्यात 'शस्त्रादिहत पितृश्राद्ध' असे बारीक अक्षरांत छापलेले असते. कोणी तिला घातचतुर्दशी म्हणतात. कोकणात आणि गोमंतकात ज्याला आपण म्हाळ म्हणतो त्या पंधरवड्यातील हा एक दिवस सामान्य मृतांसाठी वर्ज्य आहे. घरच्या अंथरुणावर, चतुर्दशीला मेलेल्या माणसाचा म्हाळसुद्धा या तिथीला घालीत नाहीत, तो दुसऱ्या दिवसावर नेतात. चतुर्दशी राखून ठेवली आहे ती शस्त्राने, विषाने, अग्नीने, पाण्याने, विजेने किंवा हिंस्र श्वापदाने ज्यांचा घात झाला त्यांच्यासाठी. याज्ञवल्क्यस्मृतीत ही व्यवस्था आहे, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस पंढरपुरी बसून काशिनाथ उपाध्यायांनी जो 'धर्मसिंधु' लिहिला, ज्यावर आपल्या घरची सारी व्रतेवैकल्ये चालतात, त्यातही आहे. हे उपाध्याय मूळचे रत्नागिरीकडचे, एवढे कोकणच्या वाचकांस सांगावयास नको.

म्हणजे ज्यांचा मृत्यू अन्यायाने आणि अकस्मात झाला त्यांचे दुःख निराळे, त्यांचे ऋणही निराळे, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले आणि वर्षाच्या तीनशे साठ तिथींतून एक तिथी त्यांना बहाल केली. तीही कशी? त्या दिवशीचे श्राद्ध एकोद्दिष्ट असते. इतर म्हाळात पिता, पितामह, प्रपितामह अशी रांग बसते. येथे पिंड एकाचा, उद्देश एकाचा. समूहाला दिलेली श्रद्धांजली येथे चालत नाही. १६६ हा आकडा या विधीला ठाऊकच नाही. त्याला एक माणूस ठाऊक आहे, मग दुसरा, मग तिसरा. आणि त्या संपूर्ण विधीत मारणाराचे नाव घ्यावयाची जागा कोठेही नाही. 'अमुकाने मारलेला' असे संकल्पात म्हणत नाहीत. मेलेल्याचे नाव, त्याचे गोत्र. गोत्र माहीत नसेल तर काश्यप गोत्र धरतात, म्हणजे अनोळखी मनुष्यही कोणाचा तरी होतो. शास्त्रकारांच्या या शहाणपणापुढे आमच्या चौकातले फलक किती पोरकट दिसतात!

ही गोष्ट मी आमच्या येथील एका मंडळाच्या बैठकीत मांडली. म्हटले, नोव्हेंबरातला कार्यक्रम ज्यांना करावयाचा त्यांनी करावा. पण भाद्रपद वद्य चतुर्दशीला मंडळाने सिद्धवटावर, शिप्रेच्या काठी, शस्त्रहतांसाठी तर्पण आणि धर्मपिंड करावा, नावे घेऊन करावा, आणि त्या दिवशी अन्नदान करावे. दीड तास चर्चा झाली. प्रस्ताव फेटाळला गेला नाही. तो 'पुढे पाहू' या सदरात जमा झाला. मंडळाचे कामकाज ज्याने पाहिले आहे त्याला या सदराचा अर्थ कळतो. त्या दीड तासात जे आक्षेप निघाले, ते केवळ आमच्या मंडळाचे नव्हेत. तुमच्या देवस्थानाच्या बैठकीत हा विषय काढून पाहा, हेच ऐकाल. म्हणून त्यांचा येथे समाचार घेणे प्राप्त आहे.

पहिला आक्षेप असा की, देवळाच्या मंडळाने श्राद्धपक्षाच्या भानगडीत पडू नये, ते अशुभ. महाकालाच्या गावात हे बोलावे, याला काय म्हणावे! श्मशान, ऊखर, क्षेत्र, पीठ आणि वन ही पाचही एकत्र नांदतात असे हे अवंतीक्षेत्र. येथला देव सकाळी भस्माची आरती घेतो, आणि ते भस्म एके काळी चितेचे असे, ही परंपरा आपणच यात्रेकरूंना कौतुकाने ऐकवितो. त्या देवाच्या भक्तांना पिंडाचे वावडे! शिवाय देवळात श्राद्ध करा असे कोणी म्हटलेच नव्हते. सिद्धवट त्यासाठीच आहे. तेथले तीर्थोपाध्याय पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या सांभाळून आहेत. दूर देशीच्या यजमानांची नावे त्यांत आजा-पणज्यापासून सापडतात. ज्या समाजाजवळ मृतांची नावे टिपून ठेवण्याची एवढी जुनी व्यवस्था आहे, त्याने स्मरणासाठी छापील फलकावर विसंबावे, ही लाजिरवाणी गोष्ट होय.

दुसरा आक्षेप अधिकाराचा : ज्यांचे वारस जिवंत आहेत त्यांचे श्राद्ध आपण परक्यांनी कसे करावे? हा प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे उत्तर मी सिद्धवटावर जाऊन विचारून आलो. ज्यांच्या घरी करणारे कोणी आहे त्यांचा पिंड घरच्यांनीच द्यावा. तर्पणात मात्र सखा, गुरू, आप्त यांना पाणी दिले जाते, आणि ज्यांना बंधू नाहीत त्यांनाही दिले जाते. धर्मपिंड तर ज्यांचे कोणीच नाही त्यांच्यासाठीच असतो. महाभारताच्या स्त्रीपर्वात युद्ध संपल्यावर युधिष्ठिराने पहिली आज्ञा कोणती केली, ते आठवा. विदुर, संजय, धौम्य, युयुत्सु यांना त्याने सांगितले की, रणात पडलेल्या सर्वांचा संस्कार करा, ज्यांचे कोणी नाही त्यांचाही. नाना देशांहून आलेल्या अनाथ वीरांची प्रेते विदुराने लाकडांच्या राशी रचून जाळली. राज्याभिषेक त्यानंतर. हा आमचा इतिहासातला आदर्श. आणि आमच्या बैठकीत 'मृताचे गोत्र ठाऊक नाही' ही अडचण पुढे आली. एकेका नावाला अर्धे मिनिट धरले, तीन अंजली पाणी सोडले, तरी १६६ नावांना जवळजवळ दीड तास लागतो. नेमका तेवढाच वेळ आम्ही बैठकीत घालविला होता.

तिसरा आक्षेप कोणी मोठ्याने बोलला नाही, पण तो सर्वांच्या मनात होता. मृतांत मुसलमान होते, ज्यू होते, परदेशी ख्रिस्ती होते, त्यांचे काय? टर्मिनसवर गावी जाणाऱ्या गाडीची वाट पाहत बसलेल्या गरीब उतारूंत मुसलमान कुटुंबेही होती आणि ती तेथेच ठार झाली, ही गोष्ट चौकातल्या भाषणांत कधी येत नाही. माझे म्हणणे असे की, ज्यांचा धर्म निराळा त्यांच्या नावाने आपण पाणी सोडू नये. ते न विचारता केलेले औद्धत्य होईल. त्यांची नावे उभे राहून वाचावीत आणि अन्नदानात त्यांचा वाटा धरावा. यात शास्त्राला बाध येतो असे मला कोणी दाखवून दिलेले नाही. ज्याला एवढेही जड वाटते त्याने आपण शोक कोणासाठी करतो हे एकदा स्वतःला विचारावे.

येथे मी दोन गोष्टी सांगणार आहे, आणि त्या आपल्या समाजाला टोचाव्यात अशीच इच्छा आहे. मुंबईत मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांची प्रेते पुरण्यास मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानच्या मुसलमान विश्वस्तांनी नकार दिला. निरपराध्यांना मारणारे आमच्या धर्माचे नव्हेत, आमच्या मातीत त्यांना जागा नाही, असे त्यांनी सांगितले. ती प्रेते वर्षाहून अधिक काळ जे. जे. इस्पितळाच्या शवागारात पडून होती; २०१० च्या जानेवारीत सरकारने ती गुप्तपणे पुरली. दुसरी गोष्ट आमच्या उज्जैनच्या गाडीची. स्फोटानंतर त्याच दिवशी त्या टोळीपैकी एक जण लखनौला घेरला गेला आणि रात्री उशिरापर्यंत चाललेल्या चकमकीत मारला गेला. त्याचे प्रेत ताब्यात घ्यावयास खुद्द त्याच्या बापाने नकार दिला. देशद्रोही माझा मुलगा असू शकत नाही, असे तो म्हणाला. तेव्हाच्या गृहमंत्र्यांनी, राजनाथ सिंह यांनी, लोकसभेत त्या बापाविषयी आदर व्यक्त केला होता.

बापाने मुलाची माती नाकारणे ही किती भयंकर गोष्ट आहे, हे ज्याला अंत्यसंस्काराचे मोल कळते त्यालाच समजेल. त्या विश्वस्तांना आणि त्या बापाला ते कळत होते. म्हणूनच ते नाकारणे हा त्यांच्या हातातला सर्वांत कठोर दंड होता आणि तो त्यांनी दिला. आणि आपण? मारल्या गेलेल्या निरपराध्यांना द्यावयाचा संस्कार आपल्या हाती आहे, त्यासाठी तिथी ठरलेली आहे, नदी आहे, उपाध्याय आहेत, तीळ स्वस्त आहेत, आणि आपण 'पुढे पाहू' म्हणतो. आपला धर्म आपल्याला किती थोडा उपयोगाचा वाटतो, याचे याहून स्पष्ट प्रमाण नको.

चौथा आक्षेप तरुण मंडळींचा. ते म्हणाले, काका, तर्पणाने शत्रूला धडा मिळतो काय? चौकात संताप तरी व्यक्त होतो. मला त्यांच्या संतापाचा राग नाही. तो आला नसता तर मला त्यांची काळजी वाटली असती. पण संतापाचे काम कोणी आणि कसे केले ते तरी पाहा. साताऱ्याकडच्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे आधी सैन्यात होते, मग पोलिसात सहायक उपनिरीक्षक. गिरगाव चौपाटीवर त्यांच्या हाती लाठी होती आणि समोर स्वयंचलित बंदूक. त्यांनी ती बंदूक नळीसकट धरली आणि गोळ्या अंगावर घेतल्या, सोडली नाही. तेवढ्या अवकाशात सहकाऱ्यांनी मारेकऱ्याला जिवंत पकडले. तो जिवंत सापडला म्हणून खटला उभा राहिला, कट कोठे शिजला हे जगापुढे सिद्ध झाले, सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपील ऐकले गेले आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यास फाशी झाली. ओंबळे यांना २६ जानेवारी २००९ रोजी मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. शत्रूला धडा असा शिकविला जातो. आमच्या उज्जैनच्या टोळीवरील कटाच्या खटल्यातही लखनौच्या विशेष न्यायालयाने २०२३ च्या फेब्रुवारीत सात जणांना फाशी आणि एकास जन्मठेप सांगितली. फ्रीगंजातल्या किती घरांत ती बातमी वाचून चर्चा झाली? चौकात झेंडा तुडविणाऱ्यांपैकी एकालाही तो निकाल ठाऊक नव्हता, हे मी स्वतः विचारून पाहिले.

त्या टोळीचा आणखी एक अपराध होता, तो सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. गाडीतल्या स्फोटाआधी काही महिने, २०१६ च्या ऑक्टोबरात, कानपूरला एका निवृत्त मुख्याध्यापकाला त्यांनी गोळ्या घातल्या. वैर काही नव्हते. हाताशी असलेले पिस्तूल चालते की नाही हे पाहावयाचे होते, आणि मनगटावरचा कलावा, म्हणजे आपला रक्षासूत्राचा धागा, पाहून हा हिंदू आहे एवढे त्यांनी हेरले. तपासयंत्रणेने न्यायालयात मांडलेली हकीकत ही अशी आहे. २०२३ च्या सप्टेंबरात दोघांना त्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. देवळातून बांधून घेतलेला धागा ज्याच्या मृत्यूला कारण झाला त्या म्हाताऱ्या शिक्षकाचे नाव एका तरी देवळात कधी उच्चारले गेले आहे काय? हिंदूंवरील अन्यायाविषयी तासन्‌तास बोलणाऱ्यांना मी हे विचारतो. त्याच्या घरच्यांना दुःख पुन्हा उकरून नको असेल, म्हणून मी येथे ते नाव छापीत नाही; पण चतुर्दशीला शिप्रेच्या पाण्यात उभे राहून पहिले नाव घ्यावयाचे ते त्याचे.

मारणारांची नावे या लेखात मी कोठेही घेतलेली नाहीत, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. ही सवय सोपी नाही, कारण आपले शिक्षणच उलटे झाले आहे. महाकालाचे जुने देऊळ १२३५ च्या सुमारास ज्याने फोडले, त्या सुलतानाचे नाव आमच्या पोरांना पाठ असते. ते देऊळ पुन्हा कोणी बांधले, असे विचारा. अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी ते उभारले. हे रामचंद्रबाबा शेणवी, कोकणातले सारस्वत. या मासिकाच्या वाचकांपैकी कित्येकांच्या कुळदेवांच्या आसपासचे. आज लाखो यात्रेकरू ज्या देवळात शिरतात ते त्यांच्या पुण्याईचे. तरी त्यांचे नाव पुलाच्या अलीकडेही फार थोड्यांना ठाऊक आहे, पलीकडची तर गोष्टच सोडा. फोडणारा लक्षात ठेवावयाचा, बांधणारा विसरावयाचा, आणि त्या दिवशी गाभाऱ्यात जे मेले त्यांची तर कोणी विचारपूसही करावयाची नाही. शतकानुशतकांची ही खोड मेणबत्त्यांनी जाणार नाही.

गोमंतकाच्या वाचकांसाठी आणखी एक शब्द, कारण तेथून मला पत्रे येतात आणि त्यांत 'आमच्याकडे असले काही नाही' असा सूर असतो. २००९ च्या १६ ऑक्टोबरला, दिवाळीच्या आदल्या रात्री, मडगावात नरकासुराच्या गर्दीच्या वेळी स्कूटरवर स्फोट झाला. स्फोटके नेणारे दोघेही त्यातच मेले आणि ते आपल्यातलेच होते. खटल्यातील बाकीचे आरोपी २०१३ च्या अखेरीस निर्दोष सुटले, तेव्हा त्यांच्याविषयी काही बोलण्याचा मला अधिकार नाही. पण ती पेटी अर्धा तास उशिरा फुटती, तर नरकासुर पाहावयास आलेली मुले कोणत्या तिथीला गेली असती? चतुर्दशीच्या त्या रकान्यात मारणाराचा धर्म छापलेला नाही, हे मी वर सांगितले ते मनाशी धरून मडगावचा विचार करावा.

राहता राहिली मार्चची सात तारीख. तेथे श्राद्ध लागू नाही, देवाची कृपा. पण जखमींना विसरण्याचा परवाना त्यामुळे मिळत नाही. बंद डब्यातला स्फोट कानांचे पडदे फाडतो, तुटलेल्या पत्र्याच्या जखमा महिनोन्‌महिने चिघळतात. मनुष्य वाचला अशी बातमी येते आणि त्याची मजुरी बुडाल्याची बातमी येत नाही. १९८९ च्या रेल्वे कायद्यात दहशतवादी कृत्याने गाडीत इजा झालेल्या उताऱ्याला नुकसानभरपाईची तरतूद आहे. मृत्यू झाल्यास ती २०१७ च्या प्रारंभापासून आठ लाख रुपये केली गेली. परंतु त्यासाठी रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो, तोही सर्वसाधारणपणे वर्षाच्या आत. साध्या डब्यातून जाणाऱ्या किती माणसांना हे ठाऊक असते? आमच्या मंडळात निवृत्त रेल्वे कर्मचारी आहेत, दोन वकील आहेत, हिंदीत आणि इंग्रजीत अर्ज लिहिणारे डझनभर पेन्शनर रोज सायंकाळी देवळाच्या ओट्यावर बसलेले असतात. त्यांतल्या चौघांनी त्या वेळी भोपाळची गाडी धरून इस्पितळात चौकशी केली असती, तर तीच त्या घटनेची खरी स्मृती झाली असती. यापुढे देव करो आणि तशी वेळ न येवो; पण आली तर कोणी जावयाचे हे आजच ठरवून ठेवता येते. फाल्गुन शुद्ध दशमीला महाकालावर अभिषेक करावा, जे वाचले त्यांच्या दीर्घायुष्यासाठी, आणि त्या बैठकीत ही चार नावे दरवर्षी ताजी करावीत, असा प्रस्तावाचा दुसरा भाग मी लेखी दिला आहे. तोही सध्या 'पुढे पाहू' मध्येच आहे.

२०२८ च्या सिंहस्थाच्या तयारीत उज्जैन सध्या गढून गेले आहे. घाट बांधले जात आहेत, रस्ते रुंद होत आहेत, आणि मंडळाला या कामासाठी वेळ नाही, असेही मला सांगण्यात आले. ठीक आहे. सिद्धवटावरील उपाध्यायांशी माझे बोलणे झाले आहे. येत्या भाद्रपद वद्य चतुर्दशीला सकाळी आठ वाजता तर्पणास आरंभ होईल. मुंबईच्या मृतांची प्रसिद्ध झालेली नावे आम्ही वहीत उतरवून घेत आहोत. आतापर्यंत नऊ जणांनी येण्याचे कबूल केले आहे, त्यांतले दोघे मंडळाच्या कार्यकारिणीतले आहेत. फ्रीगंजातून कोणास यावयाचे असल्यास दर्भ आणि तीळ तेथे मिळतील. कोरडे वस्त्र आणि पंचपात्र ज्याचे त्याने आणावे.